मागून आणलेली वाकळ

दुपारची भांडी घासून झाली की नानी ओसरीवर जुन्या कापडांची वाकळ पसरायची आणि तिच्या एका कडेला मांडी घालून बसायची. नानी म्हणजे माझी थोरली चुलती. चुलते मी पाळण्यात असतानाच गेले, पण घराची चूल एकच होती. आई भाकरी थापायची, नानी कालवण बघायची. आमची वाडी पासलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, सगळी भाताची खाचरं. सुगी झाली की घरात तुसाचा वास भरून राहायचा, अंगाला खाज सुटायची, आणि संध्याकाळी हुलग्याचं माडगं पिताना सगळ्यांची नाकं गळायची. त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर नानीच्या सुईचा आवाज. जाड वाकळीतून सुई निघताना फस्स व्हायचं, मग मागून दोरा सरसरत यायचा, आणि मधूनच नानीच्या दाढेखाली सुपारी कट्‌ वाजायची. ती बोलत फार नसे. टाका मात्र असा घालायची की मुंग्यांची रांग चालली आहे असं वाटावं. आता मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, आणि चष्मा लावूनही माझा टाका तिच्यासारखा कधी पडला नाही.

मी मुकी नव्हते, पण लहानपणी मी मुकी आहे असं पुष्कळांना वाटायचं. घरच्यांशी बोलायची. परकं माणूस उंबऱ्यात आलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पुढं खालच्या गावात जावं लागायचं. मला पाठवायचं की नाही यावर एकदा जेवताना बोलणं निघालं. माझ्या वडलांनी, आबांनी, मला विचारलं, "जायाचं का गं तुला?" मला जायचं होतं. पण त्या वेळी आबांच्या शेजारी गुरुजी जेवायला बसले होते, म्हणून मी ताटातल्या भातात बोट फिरवत राहिले. आबा म्हणाले, "न्हाई तिच्या मनात." झालं. माझं शिक्षण तिथं संपलं. न बोलल्यानं काय काय होतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी सतरा वर्षांची असेन. भात झोडून झालं आणि नानीची लेक कुसुमअक्का बाळंतपणाला माहेरी आली. तिला सातवा संपत आला होता. हे तिचं तिसरं. आधीची दोन्ही गेली होती, एक पाचवीच्या आतच, एक सव्वा महिन्याचं होऊन. कुसुमअक्का आधी फार हसरी होती. या वेळी आली ती दाराशी बसून राहायची आणि एक हात पोटावरून काढायची नाही. आमच्याकडं अशा बाईच्या लेकराला घरचं नवं काही पांघरत नाहीत. मागून आणलेलं पांघरतात. वाडीतल्या एकूण एक उंबऱ्याला जायचं, आत पाऊल टाकायचं नाही, पदर पसरायचा आणि म्हणायचं, "लेकराला पांघराया तुकडा द्या." देणारीनं अंगाला लागलेलं जुनं कापड आपल्या हातानं फाडून द्यायचं, कातर लावायची नाही. मग ते लेकरू एका घरचं राहत नाही, सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांचं लेकरू न्यायला कुणी धजत नाही. आमच्या वाडीत सतरा उंबरे. नानी सगळीकडं गेली. बौद्धवस्तीतल्या चार घरांकडं जायच्या वेळी आमच्या भावकीतली एक जण कुजबुजली, तेव्हा नानी म्हणाली, "लेकराला काय कळतंय कुणाचा तुकडा हाय? ऊब आली म्हंजे झालं." महिनाभर बसून तिनं ती वाकळ शिवली. लुगड्यांचे काठ, सदऱ्याच्या बाह्या, कुणाच्या धोतराचा पिवळा पडलेला सोगा. पूर्ण झाली त्या दिवशी कुसुमअक्कानं ती गालाला लावली आणि पहिल्यांदा पोटभर जेवली. तांदळाच्या दोन भाकरी आणि वालाचं बिरडं. नानी तिच्या ताटाकडं बघत बसली होती.

त्याच वर्षी खालच्या गावातल्या देवळात बायकांना शिवण शिकवायला पुण्याच्या एका संस्थेच्या बाई येत होत्या. आईनं मला घातलं. मी कापडाच्या तुकड्यांचे बटवे शिवायला शिकले. शिकले म्हणजे काय, पंचवीसेक बटवे केले आणि सगळ्यांची तोंडं इतकी अरुंद झाली की आत दोनच बोटं जात. बाई हसून म्हणाल्या, "चालेल गं, पहिलंच काम आहे." मग त्यांनी सांगितलं की भोरला एका शाळेच्या पटांगणात बाजार भरणार आहे, ज्यांनी आजवर कधी काही विकलं नाही अशा बायकांचाच. अट एकच. जे मांडाल ते स्वतःच्या हातचं पाहिजे. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

आदल्या दिवशी मी ओसरीवर बटवे मांडून बघत होते. सगळे मिळून एका सुपात मावले. नानीनं बघितलं आणि म्हणाली, "शेवंते, एवढंसं मांडून बसलीस तर दुकान उघडंबोडकं दिसंल. खाली काय अंथरशील?"

"पोतं नेते," मी म्हणाले.

"पोत्यावर कोन बघतंय? थांब." ती आत गेली आणि लेकराची वाकळ घेऊन आली. "ही अंथर. रंग चांगलं हायती, तुझं बटवं उठून दिसतील. फकस्त मळवू नको, आन् इकू नको." ती स्वतःच हसली. कुसुमअक्का दाराशी होती. तिच्या तोंडावर जरा काळजी आली, पण ती एवढंच म्हणाली, "सांजच्याला आणशील न्हवं?"

"आणते की," मी म्हणाले.

सकाळी बाईंनी आम्हाला टेम्पोतून भोरला नेलं. पटांगणात चिंचेच्या झाडांखाली ओळीनं लाकडी बाकडी मांडली होती, आणि फाटकाशी पाटी होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, येथील प्रत्येक वस्तू विकणारीने स्वतः बनवलेली आहे. मी ती पाटी तीनदा वाचली. माझ्या शेजारच्या बाकड्यावर कामथडीच्या सुलाबाई होत्या. त्यांनी मण्यांची तोरणं आणली होती. त्यासुद्धा पहिल्यांदाच विकायला आल्या होत्या, पण बघणाऱ्याला ते खरं वाटलं नसतं. "या ताई, या, हात लावायला पैसं पडत न्हाईत!" असं त्या फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडायच्या. मी वाकळ अंथरली, तिच्यावर बटवे मांडले आणि मान खाली घालून बसले. सुलाबाईंनी वाकळ बघितली. "अगं बया, ही केवढ्याची?"

"ती इकायची न्हाई," मी म्हणाले. "चुलतीची हाय. लेकरासाठी शिवलीय."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्या सकाळी हे वाक्य माझ्या तोंडातून सरळ निघालं होतं.

दुपारपर्यंत लोक आले आणि गेले. बटवा उचलायचे, तोंडात बोटं घालायचे, बोटं अडकली की एकमेकांकडं बघून हसायचे आणि खाली ठेवायचे. एक जण म्हणाला, "ह्यात तंबाखूसुदिक जायची न्हाई." सुलाबाईंची तोरणं भराभर जात होती. त्यांनी मला आपल्या डब्यातली भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. मी खाल्ली, पण लक्ष सुपाकडंच होतं. घरी सूप जसंच्या तसं न्यावं लागणार, आणि सगळी वाडी विचारणार, या विचारानं कान गरम झाले होते. उन्हं कलायला लागली तेव्हा एक बाई माझ्यापुढं थांबल्या. पुण्याकडच्या असाव्यात. वयानं नानीएवढ्या, चष्मा, साडी साधीच पण चांगली. त्यांनी बटवे हातानं अलगद बाजूला सारले आणि वाकळीवरून हात फिरवला.

"बाळ, ही तू शिवलीस?"

मी मान हलवली. का हलवली ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारते. फाटकावरची पाटी डोळ्यापुढं आली हे खरं. पण त्याआधी दुसरंच काहीतरी झालं. त्यांनी मला बाळ म्हटलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाकड्यावरची वस्तू खाली न ठेवता हातात धरून ठेवली.

"खरंच? किती बारीक टाका आहे गं. आणि इतके वेगवेगळे तुकडे कुठून जमवलेस?"

"वाडीतनं," मी म्हणाले. गिऱ्हाइकाशी दिवसभरात बोललेला तो माझा एकच शब्द, आणि तो तेवढा खरा होता.

त्यांनी लांबून मैत्रिणीला हाक मारली. "अगं इकडे ये, या मुलीचा हात बघ." दोघींनी वाकळ उलटी करून बघितली. मागूनही टाका तसाच होता. त्या बाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला, बोटं बघितली आणि म्हणाल्या, "हे सोडू नकोस हं." माझी बोटं बटव्याच्या सुईनं टोचून टोचून काळी झाली होती. त्यांना ती वाकळीनं झाली असं वाटलं. असं कुणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मला ही हवी." मी गप्प बसले. वाकळ विकायची नाही म्हणावं तर ती कुणाची ते सांगावं लागणार, आणि मी तर आताच मान हलवली होती. त्यांनी पैसे पुढं केले. मी तशीच बघत राहिले. त्यांना वाटलं मला कमी वाटले, म्हणून त्यांनी आणखी एक नोट वर ठेवली. मग त्यांनी वाकळीची दोन टोकं उचलली. आणि मी दुसरी दोन उचलली. आम्ही दोघींनी मिळून ती घडी घातली. त्यांच्याकडं चालत जाऊन माझी टोकं मी त्यांच्या टोकांना लावली, सुरकुती हातानं मोडली. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. विकल्याचं सांगितलं, घडी घातल्याचं नाही.

बटवे आता नुसत्या फळकुटावर पडले होते. सुलाबाई माझ्याकडं बघत होत्या. "इकलीस व्हय गं? सकाळी तर न्हाई म्हनत व्हतीस."

मी पैसे पदराला बांधत राहिले.

"अगं पोरी, लेकराची हाय म्हनलीस ना? मग पळ की. ती बघ, अजून फाटकाशी भेळ खातीय."

"माझं दुकान कोन बघंल?"

"म्या बघते! काय मोठं पेढीचं दुकान हाय? पळ!"

फाटकाशी त्या बाई कागदातली भेळ खात उभ्या होत्या, वाकळ काखेत होती. वीस पावलं असतील. मी उठले, पदर खोचला, पुन्हा बसले. तिथं जाऊन म्हणायचं काय? की मघाशी तुम्ही ज्या हाताचं कौतुक केलंत तो हा हात नव्हे? त्यांनी भेळ संपवली, कागद चुरगळला, हात पुसले आणि गाडीत बसल्या. सुलाबाईंनी कपाळावर हात मारला आणि तोंड फिरवलं. जाताना त्यांनी माझा निरोप घेतला नाही.

टेम्पोत मी कोपऱ्यात बसले आणि नसरापूर मागं पडेपर्यंत घरी काय सांगायचं ते जुळवलं. बोलायला लाजणारी मी, पण खोटं कसं नीट सुचलं. दिवेलागणीला घरी पोचले. नानीनं सुपाकडं बघितलं, मग माझ्या काखेकडं.

"वाकळ?"

"एका बाईनं उचलली," मी म्हणाले. "मी म्हणले, राहू द्या. म्हंजे ठिवा खाली, असं म्हणले. तिला वाटलं तुमालाच राहू द्या म्हंतीय. तिनं पैसं टाकलं आन् गेली."

कुसुमअक्काचा हात पोटावर गेला. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. नानी माझ्याकडं बघत होती, फार वेळ नाही, पण मला तो वेळ अजून संपलेला नाही. मग ती एकदम हसली. "ऐकलं का गं कुसे? राहू द्या म्हनली, आन् बाईनं ठिवून घेतली! काय बोलावं ह्या येडीला!" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आई हसली. आणि कुसुमअक्का नानीकडं बघत बघत, हळूहळू, हसायला लागली. पैशाला नानीनं हात लावला नाही. मागून आणल्याचे पैसे करत नाहीत म्हणाली. मला गावदेवाच्या पेटीत टाकायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानी म्हणाली, "चल, दुरडी घे." आम्ही पुन्हा सतरा उंबरे हिंडलो. ती पुढं, मी मागं. पन्नाशीची बाई, एकाच सालात दुसऱ्यांदा पदर पसरून उभी राहत होती. दरवेळी बायका विचारायच्या, "अगं, मागल्या म्हैन्यात तर दिलं की!" आणि नानी माझी गोष्ट सांगायची. बायका हसायच्या. चौथ्या घरापर्यंत गोष्टीत भर पडली की ती पुण्याची बाई कानानं बहिरी होती. आठव्या घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढं गेली होती आणि पोरं आतूनच ओरडली, "राहू द्या आली, राहू द्या!" मी दुरडी धरून उभी असायची. वरच्या आळीला एकीनं परकराचा घेर फाडून देताना मला विचारलं, "ह्यो तरी राहू देशील न्हवं?" आणि स्वतःच्या विनोदावर इतकी हसली की तिचा पदर ढळला. मी खाली बघत होते. मला लाज त्या हसण्याची नव्हती. माझ्या खोट्याला नानी दारोदार जाऊन आपल्या तोंडानं खरं करत होती, त्याची होती.

शेवटचं घर धुरपामावशीचं. तिला दिसत कमी होतं, पण कान तिखट. तिनं सगळी गोष्ट ऐकून घेतली, हसली नाही. काठी आपटून म्हणाली, "पोरी, तू राहू द्या म्हनलीस, मग पैसं कशाला घेतलंस गं?"

सगळ्या वाडीत हा साधा प्रश्न दुसऱ्या कुणालाच सुचला नव्हता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, सांगणार होते. पण माझ्याआधी नानी बोलली. "मावशी, तुमी माझ्या पोरीला काय इचारू नका. काय असंल ते मला इचारा."

धुरपामावशीनं काठीनं दार चाचपलं. मग म्हणाली, "एकदा दिलं मी. दुसऱ्यांदा देत न्हाई." आणि दार लोटून घेतलं.

उतरताना वाटेत नानी पुढं चालत होती. तिला कळलं होतं. कदाचित आदल्या सांजेलाच कळलं असेल. मी मागं चालत होते, तिच्या टाचांच्या भेगा बघत. दोनदा "नानी" म्हणाले. पहिल्यांदा ती म्हणाली, "पाय जपून टाक, दगूड हाय." दुसऱ्यांदा म्हणाली, "दुरडी हलकी धर, तुकडं सांडतील." मग मी तिसऱ्यांदा हाक मारली नाही.

दुसरी वाकळ आम्ही दोघींनी शिवली. सोळा घरांची. तिनं एका कडेनं सुरुवात केली, मला दुसऱ्या कडेला बसवलं. माझा टाका वाकडा गेला की ती उसवायची नाही, आपला बारीक टाका त्याच्या शेजारून घालत जायची. वीसेक दिवस आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. त्या वीस दिवसांत मी तिला केव्हाही सांगू शकले असते. कुसुमअक्काला मुलगी झाली, वैजयंता. पाचवी झाली, सव्वा महिना झाला, दात आले, पाय फुटले. ती जगली. बारशाला बायकांनी वाकळ हातात घेऊन विचारलं, कुणी शिवली? नानी म्हणाली, "शेवंतानं." मी नाही म्हणाले नाही.

नानीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिला मी सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात मी आठ दिवस उशाशी होते, पाणी पाजत होते, तरी नाही. आमच्या घराण्यात मात्र ती गोष्ट राहिली. लग्नात, जावळात, कुठंही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतं, राहू द्याची गोष्ट सांगा. सगळ्यात रंगवून सांगते ती वैजयंता. ती आता पुण्याला नोकरी करते, तिची मुलं मोठी झाली. ती त्या बाईचा बहिरेपणा असा करून दाखवते की माणसं पोट धरून हसतात. "आन् अशी माझी पहिली वाकळ गेली," असं शेवटी म्हणते आणि माझ्या गळ्यात हात टाकते. मी हसते. हसणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं.

मागच्या सुगीनंतर कुसुमअक्का माझ्याकडं चार दिवस राहायला आली होती. दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. तिची नजर अजून चांगली आहे, ती खडे काढायची, मी नुसतं सूप हलवायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी एकदम सांगून टाकलं. मान हलवल्याचं सांगितलं, फाटकापर्यंत न गेल्याचं सांगितलं, राहू द्या हा शब्द टेम्पोत बसून जुळवल्याचं सांगितलं. ती निवडत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही.

मग म्हणाली, "नानीला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"पहिल्यापास्नंच आसंल."

तिनं बोटानं तांदळात एक रेघ ओढली, मग पुसली. "दुसरी वाकळ हुईस्तोवर म्या रातीला पोटावर हात ठिऊन मोजीत पडायची, हाललं का, हाललं का. लई भ्याले व्हते शेवंता. पर नानी हसली ना त्या दिवशी. मला वाटलं, हिला भ्या वाटत न्हाई, म्हंजे काय व्हणार न्हाई. तिच्या हसण्यावर म्या ते दिस काढलं." ती थांबली. "आन् ते हसनं खोटं व्हतं व्हय?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं की मी सांगितल्यावर माझ्यापेक्षा नानीचंच काहीतरी मोडेल.

"माफ कर गं," मी म्हणाले.

तिनं निवडलेले खडे दाराबाहेर टाकले. सूप माझ्या हातातून घेतलं, तांदूळ पाखडले, कोंडा अंगणात उडवला. आत जाताना दाराशी थांबून म्हणाली, "वैजूला सांगू नको. तिला हसू दे."

परवा वैजयंताच्या मुलाचा साखरपुडा झाला. जेवणं झाल्यावर पाव्हण्यांपुढं तिनं ती गोष्ट सांगायला घेतली. होणारी सून हसली, व्याही हसले, मीही हसले. कुसुमअक्का माझ्या समोरच बसली होती. ती पण हसली, सगळ्यांइतकीच हसली. फक्त हसताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.